संडासाची टाकी तुंबणे

शौचालयातील मैला व पाणी साठवणाऱ्या बंद टाकीतून सांडपाणी पुढे न सरकता भांड्यात किंवा चेंबरमध्ये परत चढणे, या बिघाडास टाकी तुंबणे म्हणतात. बोलीत 'टाकं भरलं' किंवा 'संडास चोकअप झाला' असे म्हटले जाते. अडथळा मात्र दर वेळी टाकीतच असतो असे नाही. भांड्याखालचा पाण्याचा अडसर (ट्रॅप), चेंबर, टाकीच्या आतल्या-बाहेरच्या नळ्या आणि शोषखड्डा यांपैकी कोठेही पाणी अडले तरी घरातल्या माणसाला एकच गोष्ट दिसते : पाणी उतरत नाही. चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या जिल्ह्यांतील खेड्यांत भुयारी गटार सहसा नसते. त्यामुळे मैल्याची सारी व्यवस्था घराच्या अंगणातच असते आणि ती बिघडली की त्रासही अंगणातच राहतो.

रचना व कार्य

टाकीत मैल्याचे तीन थर पडतात. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर धरते आणि मधे गढूळ पाणी राहते. बाहेर जाणाऱ्या तोंडाशी इंग्रजी 'टी'च्या आकाराची नळी असते. तिचे खालचे टोक मधल्या थरात बुडलेले असल्याने फक्त पाणीच शोषखड्ड्याकडे जाते. हवेविना जगणारे जिवाणू गाळ कुजवून कमी करतात आणि तयार होणारा वायू उंच 'गॅस पाइप'ने निघून जातो. अशी टाकी फ्रान्समध्ये झाँ-लुई मुरास याने १८६०च्या सुमारास बांधली. १८९५मध्ये इंग्लंडमधील एक्झिटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन याने तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामातील टाक्यांचा वायू १८९७च्या सुमारास इंधन म्हणून वापरला गेला. तोच वायू घरगुती टाकीतही असतो आणि तो पेट घेतो.

स्वच्छ भारत अभियानात (२ ऑक्टोबर २०१४पासून) रु. १२,०००च्या प्रोत्साहन अनुदानातून दोन खड्ड्यांचे संडास सुचवले गेले. त्यात बंद टाकी नसते. जाळीदार विटांच्या खड्ड्यातून पाणी व वायू मातीत मुरतात. एक खड्डा भरला की चेंबरमधून प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला सुमारे दोन वर्षे झाकून ठेवायचा. तेवढ्या काळात त्यातल्या मैल्याचे कोरडे खत होते. दोन्ही खड्ड्यांची तोंडे एकदमच उघडी ठेवली तर दोन्ही बरोबरच भरतात आणि पाळीपाळीने वापरण्याचा सारा फायदा जातो. ही चूक वारंवार आढळते.

कारणे

नळीत अडकणाऱ्या वस्तूंत सॅनिटरी पॅड, लंगोट, चिंध्या आणि खर्र्याची पन्नी प्रमुख आहेत. तंबाखू-सुपारीचा खर्रा ज्या पन्नीत घोटला जातो ती कुजत नाही. ती 'टी' नळीच्या तोंडाला चिकटून बसते आणि तिच्यावर सायीचा थर चढतो. हात धुण्याची राख व माती भांड्यात गेली की तळाचा गाळ वेगाने वाढतो. ॲसिड आणि फिनाइल सढळ हाताने ओतल्यास जिवाणू मरतात व गाळ कुजेनासा होतो. पिंपळ-उंबराची मुळे नळीच्या सांध्यांतून आत शिरतात.

या परिसरात जमीन आणि पाऊस हेही मोठे कारण आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यातील काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी फार सावकाश मुरवते. वैनगंगेच्या बाजूस मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, देसाईगंज या धानपट्ट्यात पावसाळ्यात बांध्या भरून राहतात आणि भूजल वर येते. शोषखड्ड्याभोवती कोरडी माती उरत नाही, म्हणून पाणी उलट टाकीत येते. पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती यांच्या संगमावरील भामरागडला पुराचा वेढा पडतो तेव्हा हीच गत होते. अशा दिवसांत टाकी गाळाने भरलेली नसते, जमीन पाण्याने भरलेली असते. तेव्हा केलेला उपसा वाया जातो, कारण भूजल रिकाम्या टाकीत पुन्हा शिरते. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने भिंती खचण्याचा किंवा हलकी टाकी उचलली जाण्याचाही धोका असतो.

निदान

शोध भांड्यापासून टाकीकडे घ्यावा. घरात दोन संडास असून एकच तुंबला असेल, तर दोष त्या भांड्याच्या अडसरात असतो. दोन्ही मंदावले आणि पाणी टाकताना गुडगुड आवाज आला, तर दोष पुढे आहे. मग चेंबरचे झाकण उघडावे. चेंबर कोरडे असेल तर अडथळा भांडे व चेंबर यांमध्ये आहे. ते भरलेले असेल तर टाकीचे झाकण सरकवून, दूर उभे राहून, पाण्याची पातळी पाहावी. पातळी बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाइतकीच असेल तर अडथळा चेंबर व टाकी यांमध्ये, बहुधा आत येणाऱ्या नळीच्या तोंडाशी असतो. बाहेर जाणारी नळी पूर्ण बुडालेली असेल तर शोषखड्ड्याकडचा रस्ता बंद आहे किंवा जमीनच पाणी घेत नाही.

उपाय

भांड्याच्या अडसरातला अडथळा रबरी पंपाने सुटतो. नळीसाठी प्लंबरची लवचीक तार किंवा बांबूची लांब कामटी वापरतात. कामटी ओली, हिरवी आणि टोकाला गुळगुळीत तासलेली असावी; वाळकी कामटी वळणावर मोडते आणि स्वतःच अडथळा बनते. ती चेंबरकडून दोन्ही दिशांना सरकवावी. अडकलेली वस्तू पुढे न ढकलता मागे ओढून काढावी, नाहीतर तीच पुढे टाकीच्या तोंडाशी अडकते. गाळ वाढला असेल तर मैला उपसणारी गाडी बोलवावी. सर्वसाधारण कुटुंबाची टाकी दर दोन-तीन वर्षांनी, पावसाळ्यापूर्वी उपसणे योग्य. थोडा गाळ तळाशी विरजणासारखा राहू द्यावा, म्हणजे जिवाणूंची वाढ पुन्हा लवकर सुरू होते. उपसलेला मैला नाल्यात, तलावात किंवा जंगलात न टाकता प्रक्रिया केंद्रावरच न्यावा.

धोके व कायदा

टाकीत माणूस उतरवू नये. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त प्रमाणात असला की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. वास गेला म्हणजे धोका टळला, हा समज जीव घेतो. पडलेल्याला काढायला उतरलेला दुसरा माणूसही त्याच वायूने कोसळतो. दिवा सोडून हवा तपासण्याची जुनी रीत मिथेनमुळे घातक ठरते. उघड्या टाकीजवळ बिडीही पेटवू नये. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा २०१३चा कायदा संरक्षक साधनांशिवाय गटार व टाकीच्या सफाईला मनाई करतो. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. गटारसफाईतील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली होती. २०२३मध्ये ती तीस लाख केली. भरपाईने माणूस परत येत नाही, म्हणून घरमालकाने गाडीचे भाडे वाचवण्यासाठी कोणालाही खाली उतरवता कामा नये.

फिरत्या वाहनांवरील टाक्या

बल्लारशाहवरून जाणाऱ्या रेल्वेडब्यांखाली जैव शौचालयाच्या टाक्या असतात. बाटल्या, कापड व पुड्या टाकल्याने त्या तुंबतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७मधील अहवालात अशा तक्रारींची नोंद आहे. समुद्रपर्यटनाच्या शिडाच्या नौकेवर मैला छोट्या टाकीत साठवून बंदरात पंपाने उपसतात. तेथे समुद्राचे पाणी व लघवी मिळून नळीत चुनखडीसारखा थर धरतो, हवेची नळी बंद पडते आणि कमी पाणी वापरल्यास कागदाचा ढीग साचतो. भरपूर पाणी, सौम्य आम्ल आणि मोकळी हवानळी हे तिथले उपाय. टाकीवर दाब चढलेला असताना झाकण एकदम उघडू नये.

प्रतिबंध

भांड्यात पाणी, मल-मूत्र याशिवाय काही जाऊ नये आणि टाकाऊ वस्तूंसाठी संडासाच्या दाराआड झाकणाची बादली असावी. शोषखड्डा विहीर वा हातपंपापासून निदान १० ते १५ मीटर दूर असावा. काळ्या मातीत तो मोठा, गिट्टीने भरलेला आणि शक्यतो उंचवट्यावर घ्यावा. घर वाढवताना टाकीचे झाकण फरशीखाली गाडले जाते आणि उपशाच्या दिवशी अंगण फोडावे लागते. म्हणून झाकण उघडे राखावे आणि त्याची जागा व शेवटच्या उपशाची तारीख संडासाच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावी.