अभ्यंग : ग्रंथांतला आणि अंगणांतला

नरकचतुर्दशीच्या पहाटें आपण अंगाला तेल चोळतों आणि अभ्यंगस्नान झालें असें म्हणतों. वर्षांतून एकदां होणाऱ्या या विधीला आपण जें नांव देतों तें वस्तुतः रोजच्या एका संवयीचें नांव आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. पहाटें उठणें, दांत घासणें, डोळ्यांत अंजन घालणें, यांच्याच ओळींत तेथें अभ्यंग येतो. तो नित्य करावा आणि डोकें, कान व पाय यांकडे विशेष लक्ष द्यावें, असें वाग्भट सांगतो. कफानें पीडलेल्यानें आणि अजीर्ण झालेल्यानें तो करूं नये, हेंही सांगावयास तो विसरत नाहीं. आमच्या पांढरपेशा घरांतून ही रोजची संवय कधीं निघून गेली, तें कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं. ती टिकली ती एकाच ठिकाणीं, बाळ-बाळंतिणीच्या खोलींत. तेथें ती ग्रंथानें टिकविली नाहीं, हातांनीं टिकविली. हे हात कोणाचे, हें पाहणें हाच या लेखाचा विषय आहे.

चरकसंहितेच्या पांचव्या अध्यायांत अभ्यंगाचें समर्थन करतांना तीन दृष्टांत दिले आहेत. तेल मुरलेला घडा, तेल चोळलेलें चामडें आणि वंगण दिलेला गाडीचा आंस जसे बळकट व टिकाऊ होतात, तसें शरीर अभ्यंगानें होतें. दृष्टांत सुंदर आहेत खरे, पण ते आले कोठून? कुंभाराच्या, चांभाराच्या आणि गाडीवानाच्या घरांतून. श्रम करणाऱ्यांचें ज्ञान ग्रंथांत शिरलें आणि त्यांचीं नांवें बाहेरच राहिलीं; आपल्याकडील बहुतेक विद्यांची हीच कथा आहे. पुढें बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (राज्यकाल ११२६ ते ११३८) यानें मानसोल्लास रचला. त्यांत राजाच्या वीस उपभोगांमध्यें स्नानाच्या जोडीला पादाभ्यंगही स्वतंत्रपणें मोजला आहे. म्हणजे जो राजा पालखीवांचून हालत नाहीं त्याचे पाय चोळणें हा शास्त्राचा विषय झाला.

पायांना तेलाची खरी गरज ज्यांना होती ते मात्र चिखलांत उभे होते. वैनगंगेच्या पूर्वेकडे तळ्यांचा, भाताचा आणि रानाचा जो मुलूख पसरला आहे त्याला झाडीपट्टी म्हणतात. आजचा गोंदिया जिल्हा या पट्ट्यांतच आहे. १ मे १९९९ रोजीं तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला. येथें आषाढ-श्रावणांत बायका दिवसभर कमरेंत वांकून बांधींत रोवणी करतात. पाय घोट्याच्या वर चिखलांत असतात आणि पाठीवर पाऊस पडत असतो. संध्याकाळीं कोमट तेलानें पोटऱ्या चोळून घेणें हा त्यांच्या लेखीं कोणता भोग असणार?

तेल कोणतें, हेंही पाहण्यासारखें आहे. जवस या भागांत भाताच्या मागून उतेरा पद्धतीनें, म्हणजे पीक उभें असतांनाच ओलींत बीं फेंकून, घेतात. त्याचें तेल खाण्यांत चालतें. पण अंगावर तें सुकून चिकट होतें. हाच गुण रंग तयार करणाऱ्यांना हवा असतो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगगाडी गोंदियावरून धांवूं लागली त्या काळांत मध्यप्रांताचें जवस मुंबईमार्गें युरोपांत जात असे. अंगासाठीं तीळ, एरंड आणि मोह. मोहाच्या बियांना इकडे टोळी म्हणतात. तिचें तेल थंडींत तुपासारखें थिजतें आणि भेगाळलेल्या टांचांना तें फार मानवतें. देवरी-सालेकसाच्या रानांतील गोंडांच्या घरीं तें दिव्यांतही जळे, खाण्यांतही असे आणि अंगालाही लागे. तेल्याचा घाणा गांवांत इतका मुरलेला होता कीं, एकबैले, दोनबैले हीं पोटजातींचीं नांवेंच घाण्याला जुंपलेल्या बैलांवरून पडलीं.

आतां हातांकडे वळूं. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ सालीं निघाला. त्यांत न्हाव्याचीं कामें वाचलीं म्हणजे हा माणूस केवळ हजामत करणारा नव्हता हें कळतें. तो कान साफ करी, नखें काढी, जळवा लावी, गळवें फोडी. थोडक्यांत, तोच गांवचा लहानसा शस्त्रवैद्य होता. अंग रगडणें, बोटें मोडणें, डोक्याची चंपी करणें हेंही त्याच्याच हातचें. (या चांपण्याला विलायतेंत फार मोठें भाग्य लाभलें. पाटण्यास १७५९ मध्यें जन्मलेल्या शेख दीन महंमदानें ब्रायटन येथें स्नानगृह काढलें, १८२२ सालीं या विद्येवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें आणि राजाच्या अंगाला हात लावण्याचा मान मिळविला. शब्द तेथेंच राहिला आणि केस धुण्याच्या बाटलीवर बसून आमच्याकडे परत आला.) येथल्या न्हाव्याला मात्र वर्षाचें बलुतें तेवढें मिळालें.

सुईणीची गोष्ट याहून कठीण आहे. नाळ कापणें हें विटाळाचें काम मानीत, म्हणून अनेक गांवांतून तें अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रीकडे असे. जिची सावली एरवीं चालत नसे, तिच्या मांडीवर घरचा वंशज प्रथम निजे. ती त्याची टाळू तेलानें भरी, पाय लांब करून त्यांवर त्याला पालथें घाली, डाळीच्या पिठानें अंग चोळून न्हाऊ घाली. बाळंतिणीची पाठ आणि ओटीपोट रगडून तिला बाजेवर शेक देई. सुवेर फिटलें कीं घर सारवलें जाई आणि सुईण पुन्हां उंबऱ्याबाहेर. सूपभर तांदूळ आणि एक लुगडें, इतक्यांत हिशेब मिटे. ज्या अभ्यंगाला आपण ऋषींची देणगी म्हणून मिरवितों, तो पिढ्यानुपिढ्या या बाईच्या हातांत सुरक्षित होता. त्याच हाताला आपण विटाळ मानला, हें लिहितांना कोणाही महाराष्ट्रीयाला लाज वाटली पाहिजे.

हा व्यवहार उलटा फिरविण्याचें एक उदाहरण येथून सुमारें दोनशें किलोमीटरांवर, वर्ध्याजवळ सेवाग्रामांत घडलें. गांधीजी स्वतः नित्य तेलाचें मालीश करून घेत. त्यांच्या दिनक्रमांत त्याची वेळ ठरलेली असे. परंतु १९३९ सालीं परचुरे शास्त्री आश्रमांत आले तेव्हां चोळून घेणारा माणूस चोळणारा झाला. शास्त्री संस्कृताचे पंडित होते, येरवड्याच्या तुरुंगांत त्यांनीं दिवस काढले होते, आणि त्यांना महारोग झाला होता. त्या काळीं या रोगाला खात्रीचें औषध नव्हतें. गांधीजींनीं त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी दिली आणि त्यांचे व्रण धुवून अंगाला स्वतः मालीश केलें. तेलानें महारोग बरा झाला नाहीं. शास्त्री १९४५ मध्यें वारले. तरी त्या मालिशाला निष्फळ म्हणण्याचें धाडस मला होत नाहीं.

मालिशानें काय होतें आणि काय होत नाहीं, हें आतां पुष्कळसें कळलें आहे. १९८६ मध्यें अमेरिकेंतील मायामी येथें अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना दिवसांतून तीनदां हळुवार चोळून पाहिलें, तेव्हां त्यांचें वजन न चोळलेल्यांपेक्षां ४७ टक्के अधिक वेगानें वाढलें. बांगला देशांत सूर्यफुलाच्या तेलानें अशा अर्भकांचा जंतुसंसर्ग कमी झाल्याचें २००५ मध्यें प्रसिद्ध झालें. उलट मोहरीचें तेल त्वचेचा संरक्षक थर बिघडवितें, असें उंदरांवरील प्रयोगांत आढळलें. मोठ्या माणसांची दुखरी पाठ मालिशानें कांहीं काळ हलकी होते, झोंप बरी लागते. आयुष्य वाढतें, डोळे तेजस्वी होतात, हे ग्रंथांतले दावे मात्र कोणी सिद्ध केलेले नाहींत. ते मानण्याची सक्ती नाहीं.

सुईणीच्या हातांत दोषही होते आणि ते झांकून ठेवणें हा तिचा सन्मान नव्हे. जन्मतांच बाळाला न्हाऊ घातल्यानें तें गार पडतें. थंडीच्या दिवसांत हें जिवावर बेततें. म्हणून पहिलें स्नान निदान एक दिवस लांबवावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. नाकाकानांत तेल सोडणें आणि बंद खोलींत शेगडी व ओव्याची धुरी ठेवणें हेंही अपायाचें. पण हे दोष शिकवून जाण्यासारखे होते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व राणी बंग यांनीं तें करून दाखविलें. ३९ गांवांतील स्त्रियांना त्यांनीं नवजाताला ऊब देणें, अंगावर पाजणें, जंतुदोष ओळखून त्यावर उपचार करणें शिकविलें. सुईणींनाही त्यांत सामील करून घेतलें. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजातांचे मृत्यु, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं घटले. हा वृत्तांत १९९९ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें छापला.

२००५ पासून जननी सुरक्षा योजनेमुळें बाळंतपणें झपाट्यानें दवाखान्यांत जाऊं लागलीं, आणि तें योग्यच झालें. नाळ आतां परिचारिका कापते. बाळ-बाळंतीण घरीं आलीं कीं मात्र सुईणीला निरोप जातो. ती येते, अंगणांत उन्हाची तिरीप पाहून पाट मांडते, पाय लांब करते आणि वाटी शेगडीवर ठेवून तेल कोमट झालें कीं नाहीं तें आधीं आपल्या मनगटावर पाहते.