चापूचा मलिक अंबर

बीडहून खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जाल, तेव्हा मलिक अंबरच्या कबरीपाशीही थांबा. तो जन्माने इथिओपियाचा, मूळ नाव चापू. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. नावही मालकाने बदललं. त्याच काळात आफ्रिकेतली माणसं जहाजांत कोंबून ब्राझीलला नेली जात होती. तिथे त्यांनी आपले ढोल, आपले देव जपले. इकडे अंबर निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं; नहरीने पाणी आणलं. १६२६ साली तो वारला.

लग्नात आपलंही नाव बदलतं, ऊसतोडीला आपलंही गाव सुटतं. घरापासून तुटलेल्या या माणसाने परक्यांच्या घागरी भरल्या. त्याचं पहिलं नाव लेकरांना जरूर सांगा.