चोक, वात आणि पट्टी

येवल्यात पैठणीच्या मागावर टांगलेल्या ट्यूबचा सांगाडा म्हणजे पट्टी. ‘पट्टी गेली’, ‘अजून एक पट्टी जोडून घे’ असं सहज बोललं जातं. हा शब्द मला मोलाचा वाटतो, कारण त्याचं मूळ विजेपेक्षा मागाच्या जवळचं आहे. संस्कृतात ‘पट्ट’ म्हणजे लांबट तुकडा, फळी, आणि विणलेलं रेशमी वस्त्रसुद्धा. रेशमी धागा म्हणजे ‘पट्टसूत्र’. त्याच पट्टापासून मराठीत पट्टा आणि पट्टी आली, आणि रेशमाचं काम करणारा पटवेकरीही त्याच कुळातला. खाली रेशीम, वर पट्टी, आणि दोघांचं आडनाव एक.

पैठणीला उजेड भरपूर लागतो. काठातला मोर, पदरावरची असावली हे सगळं रंगारंगाच्या धाग्यांनी, कांड्या हाताने फिरवत, ताण्याचे धागे मोजून भरायचं असतं. एकच बल्ब टांगला तर विणकराच्या हाताची सावली नेमकी नक्षीवर पडते. लांब नळीचा उजेड पसरट, म्हणून सावली फिकी. आणि तीन-चार नळ्या शेजारी शेजारी लावल्या की ती जवळपास नाहीशीच होते. तयार फिटिंग महाग पडतं, म्हणून एका फळीवर चार फुटी ट्यूब ओळीने बसवून घरीच झुंबर करायची कल्पना कुणालाही सुचते. ती चांगलीच आहे. फक्त त्या फळीवर बसणाऱ्या एकेका भागाचं नाव आधी उघडून पाहावं, कारण जपायचं कुठे ते बहुतेक वेळा नावातच सांगितलेलं असतं.

सगळ्यांत बोलका शब्द ‘चोक’. इंग्रजीत त्याचा अर्थ गळा आवळणं, श्वास कोंडणं. कोंडायचं काय, तर वीज. ट्यूबमध्ये थोडा आर्गॉन आणि पाऱ्याची वाफ असते. त्यातून वीज एकदा वाहू लागली की नळीचा विरोध घटत जातो. विरोध घटला की प्रवाह वाढतो, आणि प्रवाह वाढला की विरोध आणखी घटतो. मध्ये कुणी अडवलं नाही, तर नळी काही क्षणांत जळून जाईल. लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार हे अडवायचं काम करते. इंग्रजीत याच भागाला ‘बॅलास्ट’ असंही म्हणतात. जहाज कलंडू नये म्हणून तळाशी भरतात त्या वजनाचा तो शब्द. आपल्याकडे चोकच रुळला, आणि मला तोच जास्त खरा वाटतो. बॅलास्ट म्हटलं की स्वस्थ पडलेलं ओझं डोळ्यांपुढे येतं. चोक म्हटलं की कुणीतरी सतत जोर लावून धरून ठेवलंय हे कळतं. जोर लावणारा तापणारच. ३६ वॉटच्या ट्यूबमागे जुन्या पद्धतीचा चोक सुमारे १० वॉट नुसती उष्णता करून टाकतो. म्हणून चोक उघड्या लाकडावर ठोकू नये, पत्र्यावर बसवावा; दोन चोकांत अंतर ठेवावं; त्यांच्यावर कापड किंवा पुठ्ठा झाकू नये. मागाच्या खोलीत सुताचा आणि रेशमाचा बारीक कोंडा उडत असतो, तो चोकवर साचू देऊ नये. चार फुटी प्रत्येक ट्यूबला स्वतःचा चोक हवा, चौघींना मिळून एक चालत नाही. आणि चोक फेजच्या तारेत घालावा, बटणही फेजलाच. बटण न्यूट्रलवर बसलं तर ट्यूब विझलेली दिसते, पण आतला प्रत्येक भाग जिवंत राहतो.

नळीच्या दोन्ही टोकांना आत टंगस्टनची बारीक वेटोळी असतात. त्यांना फिलामेंट म्हणतात, पण आपल्याकडे त्यासाठी जुना शब्द आहे: वात. संस्कृत ‘वर्ति’पासून प्राकृतात ‘वत्ति’, त्यापासून मराठीत ‘वात’, आणि हिंदीच्या वाटेने आलेली ‘बत्ती’ही तीच. मूळ धातू वृत्, म्हणजे फिरणं, वळणं. कापसाची वात वळतात आणि ही धातूची वातही वळलेलीच असते. तिला आधी तापवणारा तो स्टार्टर. येवल्याच्या शेतकऱ्याला हा शब्द विहिरीवरच्या मोटारीमुळे पाठ आहे. ट्यूबचा स्टार्टर मात्र अंगठ्याएवढा. त्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते, थंड होऊन सुटते, आणि सुटताना चोकमधून उसळणारा जोराचा दाब नळी पेटवतो. या दोन-तीन लुकलुकांमुळेच उशिरा समजणाऱ्या माणसाला मराठीने ‘ट्यूबलाइट’ हे नाव दिलं.

पाऱ्याच्या वाफेतून निघणारा उजेड बहुतांश अतिनील, डोळ्यांना न दिसणारा. नळीच्या आतली पांढरी भुकटी तो शोषून दिसणारा उजेड देते. इंग्रजीतला ‘फ्लुओरेसन्स’ हा शब्द जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये फ्लोरस्पार या खनिजावरून घडवला. मराठी परिभाषेने त्याला ‘अनुस्फुरण’ म्हटलं, आणि इथे मराठी शब्द मूळ शब्दाच्या पुढे गेला आहे. इंग्रजीत नुसतं दगडाचं नाव. मराठीत क्रिया दिसते. एकाने डिवचलं, त्यामागोमाग दुसऱ्याला स्फुरण आलं. कविता स्फुरते, बाहू स्फुरतात, तशीच ही भुकटी. तिच्यासोबतचा ‘पारा’ संस्कृत पारदातून आलेला. ट्यूबमध्ये तो काही मिलिग्रॅमच असतो, पण विषारी. ट्यूब मागावर फुटली तर केरसुणी लावू नये. खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबावं, मग जाड कागदाने तुकडे गोळा करावेत. म्हणूनच माणसाच्या डोक्यावर टांगायच्या पट्टीला होल्डर ढिले असू नयेत.

मराठीने या वस्तूंना लिंगही विचार केल्यासारखं दिलं: नळी म्हणून ट्यूब स्त्रीलिंगी, वीज म्हणून ‘लाइट गेली’. ‘अर्थिंग’मधला ‘अर्थ’ मात्र आपला अर्थ नव्हे, पृथ्वी. चोकखालचा पत्रा हिरव्या तारेने तीन पिनांच्या प्लगमार्फत जमिनीला जोडलाच पाहिजे. चार ट्यूबना मिळून पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, तेवढ्याला ५ अँपिअरचा प्लग पुरतो. एकाच पट्टीवर दोन वेगळ्या फेज मात्र कधीच आणू नयेत; त्या दोघींमध्ये ४०० व्होल्टचा दाब असतो.

जिनिव्हात २०२३ मध्ये पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या बैठकीत पाऱ्याच्या लांब ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं. आता जुन्या पट्टीवर एलईडीची ट्यूब चढते. तिच्यासोबतचा कागद पाहूनच जोडणी करावी, कारण काहींना स्टार्टरच्या जागी वेगळा तुकडा लागतो आणि काहींना वीज थेट द्यावी लागते. थेट दिली असेल तर पट्टीवर ठळक अक्षरांत ‘चोक काढला आहे’ असं लिहून ठेवावं. पुढे कुणी तिथे जुनी ट्यूब बसवली, तर तिला अडवणारं मध्ये कुणीच नसेल.