अळंबीचा हंगाम : रोयण राखली तरच पुढच्या वर्षी अळंबी

सिंधुदुर्ग : पाऊस जमिनीत मुरला, मध्येच दोन दिवस उघडीप पडून उकाडा वाढला, की दोडामार्ग, सावंतवाडीकडच्या वाड्यांत पहाटेच टोपल्या निघतात. आषाढ-श्रावण हा अळंबीचा, मालवणीत अळमीचा, खरा हंगाम. भाद्रपदात कुठे मिळाली तर नशीब. पोरंटोरं, म्हातारी माणसं मिळून रानात जातात, पण आपली जागा शेजाऱ्याला कोण सांगत नाही.

सगळ्यात चवीची ती रोयणीवरची. रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ. वाळवी सुका पाला, लाकूड चावून वारुळात पोळ्यासारखा थर रचते. त्यावर बुरशी वाढते आणि वाळवी तीच खाते. म्हणजे वाळवीची शेतीच म्हणायची! पावसात तीच बुरशी लांब देठ काढून जमिनीवर येते, ती आपली अळंबी. धिंगरी भुशावर घेता येते, पण ही वाळवीशिवाय येत नाही. तिची लागवड आजवर कोणाला जमलेली नाही.

म्हणून जाणती माणसं देठ अलगद काढतात, रोयण खणत नाहीत आणि उमललेल्या चार-दोन छत्र्या तिथेच ठेवतात. बी त्यांच्यातूनच उडतं. कळ्या कोवळ्या म्हणून सगळ्याच खुडल्या तर बी पडणार कुठून? त्याहून मोठं नुकसान जेसीबीचं. काजू, रबराच्या बागेसाठी डोंगर सपाट झाला की रोयणही गेली.

गोव्यात हीच अळमी पानात बांधून नगावर विकतात, भाव चढा असतो. तिथे अभयारण्यातून ती काढायला बंदी आहे.

आता विषारी अळंबीचं. लसूण काळा पडतो, चांदीचा चमचा काळा होतो, किडा लागला म्हणजे चांगली, शिजवली की विष जातं, हे सगळं खोटं आहे. रोयणीच्या अळंबीला टोपीच्या मध्यावर टोक असतं आणि देठ मुळासारखा जमिनीत खोल जातो. पण एवढ्या खुणेवर खाऊ नये, जाणत्याला दाखवावी. बुडाशी पिशवी असलेली, किंवा टोपीखालच्या पात्या हिरवट झालेली अळंबी हातात घेऊन घरी आणूच नये. व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवरून तर ओळखूच नये.

काही जातींचं विष खाल्ल्यावर 6 ते 24 तासांनी उलट्या-जुलाब सुरू करतं. मग एखादा दिवस बरं वाटतं, पण आत यकृत खराब होत असतं. त्यामुळे बरं वाटलं म्हणून घरी थांबू नये. 108 ला फोन करावा आणि उरलेली अळंबी, शिजलेली असली तरी, कागदात गुंडाळून दवाखान्यात न्यावी. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांनी, त्रास नसला तरी, तपासून घ्यावं.