तेरची माती आणि कनौजची देग

आमची शाळा उर्दू माध्यमाची. सातवीच्या वर्गाला एकदा मी आपापल्या आडनावाचा अर्थ घरी विचारून लिहून आणायला सांगितले. वर्गात तांबोळी, बागवान, मोमीन, मणियार, पिंजारी अशी सगळी मंडळी होती. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने काही ना काही लिहून आणले. एक मुलगा मात्र वही झाकून बसला होता. त्याचे आडनाव अत्तार आणि वडील जीपवर ड्रायव्हर. मी दोनदा विचारल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, अब्बा बोले उसका कुछ मतलब नहीं, खाली नाम है." वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण माझे नाना, म्हणजे आईचे वडील, अत्तारच होते.

नानांची एक शिसवी पेटी होती. तिच्यात हिना, मोगरा, खस, गुलाब यांच्या बोटभर कुप्या असत. शिवाय सुरमा, उदबत्त्या, कुंकू, अबीर आणि बुक्का. धाराशिवला ख्वाजा शमशुद्दीन गाजी यांचा उरूस असो, येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा असो की तेरला गोरोबाकाकांची, नानांची पेटी तिथे हजर असे. एका बाजूला उरुसातला भाविक कानात अत्तराचा फाया खोचून घेई, दुसऱ्या बाजूला गावच्या बाया त्याच हातून कुंकवाची पुडी घेत. यात काही विशेष आहे असे ना नानांना वाटत होते, ना त्या बायांना. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत अत्तार हा मुसलमानांतील एक व्यावसायिक समूह म्हणून नोंदलेला आहे. आपले नाना हा इतिहास आहे, हे मात्र आमच्या घरात कुणाला वाटले नाही. १९७२ च्या दुष्काळात लोकांना ज्वारी मिळेना, तिथे अत्तर कोण घेणार? नाना दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले आणि पेटी माळ्यावर गेली. ती पुन्हा खाली आली नाही.

नाना अत्तर विकत, बनवत नसत. माल हैदराबादहून, चारमिनारच्या बाजारातून येई. अत्तर बनते कसे, हे त्यांनीही कधी पाहिले नसावे. त्या मुलाच्या झाकलेल्या वहीने माझ्या डोक्यात हा प्रश्न घातला. पुढच्या उन्हाळी सुट्टीत लखनौ पाहायला गेलो, तेव्हा परतताना कानपूरहून वाकडी वाट करून मी कनौजला उतरलो.

कनौज म्हणजे सम्राट हर्षाची राजधानी. पाठ्यपुस्तकात आपण ते एवढ्यापुरते वाचतो. आज मात्र गाव जगते अत्तरावर. तिथे १९९१ पासून सरकारी सुगंध व सुरस विकास केंद्र आहे. मला मात्र जुन्या पद्धतीचा कारखाना पाहायचा होता. एका गल्लीतल्या कारखान्यात मालकाने विचारले, "शौक है या धंधा?" मी म्हणालो, शिक्षक आहे, वर्गात सांगायचे आहे. त्यांनी एका वयस्क कारागिराच्या हाती मला सोपवले आणि दोन दिवस हाताने काम करू दिले.

कामाची मांडणी साधी आहे. विटांच्या भट्टीवर तांब्याची मोठी देग. तिच्यात फुले आणि पाणी घालायचे. वर झाकण, त्याला सरपोश म्हणतात. झाकणातून एक बांबूची नळी निघते, तो चोंगा. त्याच्यावर सुतळी घट्ट गुंडाळलेली असते. चोंग्याचे दुसरे टोक लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात जाते. ते भांडे म्हणजे भपका, आणि तो पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेला असतो. भपक्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. देगेतली वाफ सुगंध घेऊन चोंग्यातून येते, भपक्यात थंड होते आणि तिच्यातला सुवास चंदनाचे तेल धरून ठेवते. पाणी खाली राहते, ते काढून पुन्हा देगेत घालतात. दुसऱ्या दिवशी ताजी फुले आणि तेच तेल. हवा तेवढा वास तेलात उतरेपर्यंत हे चालते. शेवटी अत्तर चामड्याच्या कुप्पीत भरतात, म्हणजे राहिलेला ओलावा चामड्यातून निघून जातो.

ऐकायला सोपे, पण करायला नाही. सरपोश आणि देग यांच्यातली फट कापूस आणि ओल्या मातीने बुजवायची असते. हे काम मी मागून घेतले. लेप लावला, वर फडके ओढून पट्टी आवळली आणि आपण बी.एड. झालेले गृहस्थ हेही करू शकतो, म्हणून मनात खूश झालो. तासाभरात माझ्या बाजूने वाफ फुसफुसू लागली. कारागीर चिडले नाहीत. त्यांनी आच मागे ओढली, लेप काढला आणि म्हणाले, "मास्टरसाब, आपने मिट्टी ज़्यादा लगाई, हाथ कम." माती कमी, पण प्रत्येक बोटाची दाब सारखी हवी, असा त्याचा अर्थ. तिथे थर्मामीटर नव्हता. ते हौदात हात घालून भपक्याची पाठ चाचपत आणि आतमध्ये किती वाफ जमली हे सांगत. भपका जास्त तापला, की हौदाचे पाणी बदलायचे. आच वाढली तर फूल करपते आणि अत्तराला जळका वास येतो. आम्ही शिक्षक ज्याला मूल्यमापन म्हणतो, ते हा माणूस तळहाताने करत होता.

या विद्येचा इतिहास सांगताना आपल्या सभांमधून हमखास एक वाक्य येते, की गुलाबजल इब्न सीनांनी शोधले. टाळ्याही पडतात. पण इब्न सीना यांचा जन्म ९८० चा. त्यांच्या शतकभर आधी, नवव्या शतकात, बगदादचे अल-किंदी यांनी सुगंधाचे रसायन आणि ऊर्ध्वपातन या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. त्यात शंभराहून अधिक कृती आहेत. तेव्हा टाळीचे वाक्य बदलायला हवे. एकाच मोठ्या नावावर सगळे श्रेय ठेवले, की बाकीचे हात पुसले जातात. आपल्याकडेही तसेच झाले आहे. गुलाबाचे अत्तर नूरजहाँने शोधले असे सगळे सांगतात. जहांगीर बादशहाने स्वतःच्या आठवणीत मात्र ते श्रेय नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगम यांना दिले आहे. गरम गुलाबजलावर तेलाचा तवंग येतो, हे त्यांच्या लक्षात आले. मुलीच्या प्रसिद्धीत आईचे नाव बुडाले.

भाषेतही हे हात दिसतात. अत्तर आणि अत्तार हे अरबी शब्द. जुन्या काळी अत्तार म्हणजे नुसता सुगंध विकणारा नव्हे, औषधी विकणाराही. फारसीचे थोर सूफी कवी फरीदुद्दीन यांनी अत्तार हेच नाव घेतले, ते या पेशावरून. वारीत विठ्ठलाला वाहतात तो अबीर, हा शब्दही अरबीच. 'गुलाब' म्हणजे फारसीत फुलाचे पाणी. मराठीने पाण्याचे नाव फुलालाच दिले आणि पाण्यासाठी 'गुलाबपाणी' असा नवा शब्द करून घेतला. लग्नाच्या मांडवात दारावर गुलाबदाणी घेऊन उभी असलेली मुलगी हे रोज बोलत असते, फक्त तिला ठाऊक नसते.

पण हे सगळे बाहेरूनच आले, असे मानणेही तितकेच खोटे. उमरग्याहून फार लांब नसलेले बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. आपला जिल्हा त्यांच्याच राज्यात होता. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या उपभोगांत त्याने स्नान, तांबूल, विलेपन, धूप यांची प्रकरणे घातली आहेत. त्याहून आपल्या जवळची गोष्ट म्हणजे 'गंधवाद'. हा सुगंध बनवण्याच्या कृतींचा ग्रंथ, आणि त्याच्यावरची टीका चक्क मराठीत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत आयुष्य घालवलेले परशुराम कृष्ण गोडे यांनी तिच्या हस्तलिखिताचा अभ्यास करून १९४५ मध्ये त्यावर लिहिले आणि तिचा काळ १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरवला. बहमनींचे राज्य दख्खनवर होते, तो हा काळ. याच परंपरेतल्या 'गंधसार' ग्रंथात सुगंधाच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भिजवणे, शिजवणे, वास जागा करणे, तीव्र द्रव्याने भेदणे, धुरी देणे आणि फुलांत ठेवून वासवणे. फुलांच्या थरात तीळ ठेवून मग त्यांचे तेल काढायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. तांब्याच्या देगेने तिला वाफेची जोड दिली.

ही जोड कुठे जुळली असेल, असा विचार करताना मला नळदुर्ग आठवतो. एकेकाळी जिल्ह्याचे नाव त्याच्यावरून होते. किल्ल्यात बोरी नदीवर बांध आणि त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. मुलांची सहल दरवर्षी तिथे जाते, नर-मादी धबधबे पाहते, फोटो काढते. हे काम १६१३ मधले, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या राजवटीतले. संगीतात बुडालेला, दखनीत 'किताब-ए-नवरस' लिहिणारा हाच तो बादशहा. याच बादशहासाठी निजामुद्दीन महमूद यांनी 'इत्र-ए-नवरसशाही' नावाचा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात घर, कपडे आणि अंग सुवासिक करण्याच्या कृती आहेत. किल्ला म्हटला की आपल्या पोरांना तोफ आणि वेढा आठवतो. त्याच दरबारात मोगरा आणि चंदन यांचे प्रमाण किती, यावरही कुणी कागद काळे करत होते, हे त्यांना कुणी सांगत नाही. बादशहाचे नाव पुस्तकात राहिले. त्याची देग लिंपणाऱ्याचे मात्र नाव राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी कारागिरांनी मला जे दाखवले, त्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलो आहे. देगेत त्या दिवशी फुले नव्हती. कुंभाराकडून आणलेले कच्च्या भाजणीचे मातीचे तुकडे होते. ते देगेत भरले, पाणी ओतले, सरपोश लिंपला (या वेळी त्यांनी) आणि आच लावली. हे मातीचे अत्तर. पहिल्या पावसाचा वास चंदनाच्या तेलात उतरवायचा. ऑस्ट्रेलियात बेअर आणि थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये तापलेल्या जमिनीवर पाणी पडल्यावर येणाऱ्या वासाला शास्त्रीय नाव दिले. त्यांनीही आपल्या लेखात या अत्तराचा उल्लेख केला आहे. म्हणजे नाव मिळण्याच्या आधीच कनौजच्या भट्टीने तो वास कुपीत भरून विकायला ठेवला होता.

कुंभाराच्या मातीचे तुकडे पाहून मला आमचे तेर आठवले. संत गोरा कुंभारांचे तेर. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव तगर असे येते. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे शहर, तिथून भडोचच्या बंदराकडे कापड जाते, असे तो सांगतो. तगर हे एका सुगंधी मुळीचेही नाव आहे. पण नाव सारखे म्हणून गाव सुगंधाचे ठरवणे म्हणजे पुन्हा टाळीचे वाक्य झाले. तेरचा खरा ऐवज कापड आणि माती. तिथल्या लामतुरे संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासून कोणते मडके कच्चे ते सांगितले, ही कथा आपल्याकडे मुसलमानांच्या घरातही सगळ्यांना ठाऊक आहे. भपक्याच्या पाठीवर हात ठेवून बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडे पाहताना मला ती आठवली. माझे मडके त्या दिवशी कच्चे निघाले होतेच.

निघताना मी मातीच्या अत्तराची सर्वांत लहान कुपी घेतली. किंमत ऐकून दचकलो. चंदनाचे तेल इतके महाग झाले आहे, की पुष्कळ ठिकाणी आता त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन वापरतात. आपल्या बाजारात तर 'अत्तर' म्हणून मिळणारा बराचसा माल कारखान्यातल्या रसायनांचा असतो. जुम्म्याला अत्तर लावणे सुन्नत आहे म्हणून आपण ते लावतो, पण आपण काय लावतो हे कुपी पाहून सांगणारे अत्तार आता फार थोडे राहिले आहेत.

जूनमध्ये शाळा उघडली. पाऊस नव्हता. आमच्याकडे तो वेळेवर येणे हीच बातमी असते. मी वर्गात कुपी उघडली आणि त्या अत्तार मुलाच्या मनगटावर काडीने एक थेंब लावला. त्याने वास घेतला आणि म्हणाला, "सर, यह तो पहली बारिश है." मग सगळा वर्ग त्याचे मनगट हुंगायला उठला. त्याच्या वहीत मी अर्थ लिहिला नाही. त्यालाच लिहायला लावला. त्याने घरी जाऊन आजीला विचारले. आजीकडून त्याला पणजोबांच्या यात्रांची नावे मिळाली, आणि ती जवळजवळ माझ्या नानांचीच यादी होती.

आपल्या तरुणांना इतिहास म्हटला की एक तर बादशहा आठवतात, नाही तर दुसऱ्यांनी केलेले आरोप. दोन्हींत आपले बापजादे कुठेच नाहीत. ते यात्रेत पेटी घेऊन बसले होते, रुई पिंजत होते, पानमळ्यातली पाने विकत होते. त्यांचे शब्द, मापे, रस्ते आणि गिऱ्हाइके अजून काही म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. ते मराठीत लिहून ठेवायला हवेत, कारण गिऱ्हाईक मराठी बोलत होते आणि विकणाराही. आमच्या आईने आता नानांची पेटी माळ्यावरून खाली काढायला लावली. ती रिकामीच आहे, पण झाकण उघडले की आतल्या लाकडाला अजून हिन्याचा वास येतो.