पोर्ट असताना मानेत नळी कशाला?

भुईगावच्या एका आजींचा मुलगा मध्यंतरी रिपोर्ट घेऊन आला होता. आजींची केमोथेरपी चालू आहे, छातीत कातडीखाली केमो पोर्ट बसवलेला आहे. जंतुसंसर्ग होऊन त्या आयसीयूत गेल्या, तेव्हा मानेतून आणखी एक नळी घातली गेली. कागदावर लिहिलं होतं ‘सीव्हीपी लाइन’. आता आजी घरी आहेत, बऱ्या आहेत. मुलाने विचारलं, "डॉक्टर, पोर्टची नळी हृदयापाशीच संपते ना? मग दाब त्यातूनच का नाही मोजला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

सीव्हीपी म्हणजे हृदयाच्या अगदी दारात, मोठ्या शिरेत असलेला रक्ताचा दाब. आपल्याकडच्या वाडीतलं बावखल आठवा. पंप चालू करण्याआधी आपण बावखलातली पाण्याची पातळी बघतो. हृदय हा पंप आणि मोठी शीर हे बावखल. हातावर पट्टा बांधून मोजतो तो बीपी पंपाच्या पुढचा. सीव्हीपी पंपाच्या मागचा. म्हणून तो फार कमी असतो, साधारण 2 ते 8 मिलिमीटर.

हा दाब मोजायची सुरुवात एका धर्मगुरूने केली. इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचे स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त 8 फुटांहून वर चढलं. मानेच्या शिरेतही त्यांनी नळी घातली. तिथे रक्त त्या मानाने खूपच कमी चढलं. हे सगळं त्यांनी 1733 साली छापलं. घोडीचे हाल झाले हे खरं, पण धमनी आणि शीर यांच्या दाबातला फरक पहिल्यांदा आकड्यात दिसला तो असा.

माणसाच्या हृदयापर्यंत नळी नेण्याचं धाडस 1929 साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावी झालं. वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरला वरिष्ठांनी मनाई केली होती. त्याने गेर्डा डिट्झेन या परिचारिकेला विश्वासात घेतलं. प्रयोग आपल्यावरच होणार या समजुतीने ती टेबलावर झोपली. याने तिला बांधून ठेवलं आणि नळी स्वतःच्या दंडाच्या शिरेत सरकवली! मग तसाच जिने उतरून एक्स-रे खोलीत गेला आणि 65 सेंटिमीटर नळी आत गेल्यावर फोटो काढून घेतला. कौतुकाऐवजी टीकाच वाट्याला आली, पुढे तो मूत्रविकारांकडे वळला. 1956 साली मात्र कुर्नान आणि रिचर्ड्स यांच्यासह त्याला नोबेल मिळालं.

1960च्या दशकापासून मोठ्या ऑपरेशनांत सीव्हीपी बघून सलाइन द्यायची पद्धत रुळली. साधन अगदी गवंड्याच्या लेव्हलच्या नळीसारखं: पाणी भरलेली पारदर्शक नळी, शेजारी पट्टी. शून्य हृदयाच्या उंचीवर धरायचं. ते 10 सेंटिमीटर खाली धरलं, तर आकडा 7 मिलिमीटरने फुगतो, म्हणजे नॉर्मल माणूस आजारी दिसू लागतो.

पोर्टचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. केमोने हातांच्या शिरा जळतात, म्हणून 1982च्या सुमारास कातडीखाली पूर्ण झाकलेली डबी आणि तिला जोडलेली नळी वापरात आली. दाब मोजणं हा तिचा हेतू कधीच नव्हता.

पण मोजता येतो का? येतो. पाणी वाहत नसेल, तर बारीक नळीतूनही दाब पोचतोच. दंडातून घालतात त्या पिक लाइनवर 2000 साली एक अभ्यास आला. मंद सलाइन चालू ठेवून मोजलेला दाब नेहमीच्या नळीशी जवळजवळ जुळला, सरासरी फरक सुमारे 1 मिलिमीटर. मात्र नळीच्या टोकाला झडप असेल किंवा गुठळी धरली असेल, तर आकड्यावर भरवसा नाही.

आजींच्या बाबतीत अडचण दुसरीच होती. त्यांच्या पोर्टला वाट एकच. बीपी सावरणारं औषध तिथून चालू असेल, तर दाब बघायला ते क्षणभरही थांबवणं धोक्याचं. शिवाय अशा आजारात पोर्टच जंतूंचं घर झालाय का, ही शंका असतेच. कागदावर ‘सीव्हीपी लाइन’ लिहिलं, तरी ती नळी मुख्यतः एकाच वेळी तीन-चार औषधं देण्यासाठी होती.

त्या आकड्याचा मानही आता उतरलाय. बावखल भरलेलं दिसलं, तर पाऊस चांगला झाला की पंप ओढत नाही, हे नुसत्या पातळीवरून कसं कळणार? 2008 साली पॉल मारिक आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास तपासले. सलाइनचा फायदा होईल की नाही, हे सीव्हीपीवरून कळत नाही, असं त्यांना दिसलं. शरीरातल्या रक्ताचा अंदाज सीव्हीपीवरून लागतो असं दाखवणारा एकच अभ्यास त्यांना सापडला, आणि तो होता सात घोड्यांवरचा. हेल्स असते तर हसले असते.

म्हणून फक्त आकड्यासाठी तुमच्या पोर्टला सुई टोचू नये, असं माझं मत आहे. प्रत्येक वेळी सुई टोचताना जंतू आत जाण्याची संधी असते. अंदाजच हवा असेल, तर 1930 साली सर थॉमस लुईस यांनी सांगितलेली रीत आहे. रुग्णाला पाठीला टेकू देऊन अर्धवट बसवायचं आणि मानेची शीर छातीच्या हाडावर किती उंच फुगलेली दिसते ते बघायचं. पुढच्या तपासणीत मी आजींना मान जरा डावीकडे वळवायला सांगून टॉर्च मारला, तो एवढ्यासाठीच.