सायबर वकील

सायबर वकील : संगणक, मोबाइल आणि इंटरनेट यांवरून होणाऱ्या व्यवहारांतले वाद चालवणारा वकील. सनद इतर वकिलांसारखीच. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल या कामासाठी वेगळी सनद देत नाही. मुंबईचे प्रशांत माळी, पुण्याच्या वैशाली भागवत ही या क्षेत्रातली नावे मराठी वाचकांना वर्तमानपत्रांतून परिचयाची आहेत. रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्यासारख्या तालुक्याच्या गावी मात्र जमिनीचे दावे, चेक बाउन्स आणि जामीन अर्ज सांभाळणारा वकीलच गरज पडेल तसा सायबर वकील होतो.

मूळ कायदा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000. तो 17 ऑक्टोबर 2000 रोजी अमलात आला. 2008 ची मोठी दुरुस्ती 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झाली. दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख वापरणे (कलम 66 क) आणि संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणे (कलम 66 ड) यांना तीन वर्षांपर्यंत शिक्षा असली तरी हे गुन्हे जामीनपात्र आहेत. म्हणून फसवणुकीच्या एफआयआरमध्ये पोलीस भारतीय न्याय संहितेचे 318 (4) हे अजामीनपात्र कलमही लावतात आणि जामिनाचा खरा वाद त्याच कलमावर होतो. कलम 78 नुसार या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. बचावाचा वकील आरोपपत्रात आधी तपास अधिकाऱ्याचा हुद्दा पाहतो.

पेण तालुक्यात हमरापूर, जोहे या गावांतून गणेशमूर्तींचे कारखाने आहेत आणि मूर्तींची मागणी आता फोनवर येते. ओळख नसलेला व्यापारी आगाऊ रक्कम यूपीआयने पाठवतो. ती रक्कम तिसऱ्याच कोणाच्या फसवणुकीतून आलेली निघाली, तर 1930 या हेल्पलाइनवरच्या तक्रारीवरून बँक मूर्तिकाराच्या खात्यातले पैसे होल्ड करते, कधी सगळे खातेच गोठवते. माती, रंग, कारागिरांची मजुरी, सगळे ऐन हंगामात अडते, आणि तक्रार दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्यात नोंदलेली असते. वकील आधी त्या ठाण्याला आणि बँकेला बिले, चलने व मागणीचे मेसेज जोडून अर्ज देतो. त्याने काम झाले नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली दंडाधिकाऱ्यांकडे जातो. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी वादाची जात वेगळी असते : पुरवठादाराच्या नावाचा, एखादे अक्षर बदललेला ई-मेल येतो, ‘आमचे खाते बदलले आहे’ असे कळवतो आणि बिलाचे पैसे भलत्याच खात्यात जातात.

या वकिलीचा खरा कस पुराव्यात लागतो. यावरचा आजचा प्रमुख निवाडा महाराष्ट्रातल्याच एका निवडणुकीतून आला. 2014 मध्ये जालना विधानसभा मतदारसंघात अर्ज भरण्याची मुदत 27 सप्टेंबरला दुपारी 3 वाजता संपत होती. अर्जुन खोतकर यांचा अर्ज त्यानंतर आला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि त्याला आधार होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रीकरणाचा. चित्रीकरणाच्या सीडी मिळाल्या, पण पुरावा कायद्याच्या कलम 65 ब चे प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये खोतकर यांची निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी तो निकाल कायम ठेवला. मात्र मूळ उपकरण न्यायालयात आणले नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र सक्तीचेच, असे सांगितले. अधिकारी ते देत नसेल तर न्यायालयाकडून मागवून घेता येते. 1 जुलै 2024 पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आली आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग असतात, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. अशी सही करणारा तज्ज्ञ तालुक्याला कुठून आणायचा, ही अडचण कायदा करणाऱ्यांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. पक्षकार मात्र स्क्रीनशॉटची झेरॉक्स घेऊन येतो आणि मूळ मेसेज ‘फोन भरला म्हणून’ पुसलेले असतात.

नुकसानभरपाईचा रस्ता याहून वाकडा. पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी दिवाणी न्यायालय आहे, जिल्हा व सत्र न्यायालय अलिबागला. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे 5 कोटी रुपयांपर्यंतचे दावे दिवाणी न्यायालयात चालत नाहीत. ते राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतात. म्हणजे एसटीने पनवेल, तिथून लोकलने सीएसएमटी आणि पुढे मंत्रालय. राजेश अग्रवाल सचिव असताना या दालनाचे महत्त्व वाढले. त्यांच्यापुढे आलेल्या एका प्रकरणात पुण्याच्या एका कंपनीच्या खात्यातून 80 लाखांवर रक्कम गेली होती. कंपनीचा प्रमुख बनावट ई-मेलला फसला होता, तरीही 2013 मध्ये पंजाब नॅशनल बँकेला 45 लाख रुपये देण्याचा आदेश झाला. चूक दोघांची, म्हणून भार दोघांवर, असा तो हिशेब. लहान रकमांसाठी रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक अधिक कामाला आले : दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, अशा व्यवहाराची खबर तीन कामकाजी दिवसांत दिली तर ग्राहकावर भार नाही, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर हे संरक्षण खबर दिल्यानंतरच्या व्यवहारांपुरतेच उरते.

भाषणस्वातंत्र्याच्या बाजूने पाहिले तर कोकणपट्टीचा वाटा मोठा आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 रोजी आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ रद्द झाले.

सायबर वकील लोकांना सावध करण्यासाठी शाळा-महाविद्यालयांतून व्याख्याने देतात, लिहितात, पॉडकास्ट करतात. त्यांना बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36 आडवा येतो : वकिलाने जाहिरात करू नये, कामे मागू नयेत. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांच्या दारात पक्षकारांवर झडप घालणाऱ्या वकिलांचे दाभोळकर प्रकरण 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजले, ते याच शिस्तीपायी. या नियमाच्या 2008 मधल्या दुरुस्तीने वकिलाला संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, पात्रता व कामाचे क्षेत्र देण्याची मुभा मिळाली. समाजमाध्यमांवरच्या प्रचारी चित्रफितींबद्दल मार्च 2025 मध्ये कौन्सिलने पुन्हा ताकीद दिली. कायदा समजावून सांगायला हरकत नाही. शेवटी आपला फोन नंबर वाचून दाखवला की हरकत सुरू होते.